चकचकीत केलेली सायकल

मामाच्या दुकानातून बाहेर पडणारी सायकल कधी आवाज करत नसे. हा त्याचा एकुलता एक अहंकार, आणि तो त्याने जन्मभर लाडात वाढवला होता. चेन कुरकुरते, पेडल कटकट करतं, ब्रेक दाबला की शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा ओरडतो, अशी रड घेऊन लोक यायचे. परत जाताना सायकल इतकी मुकाट चालायची की मालकच खाली वाकून बघायचा, चाकं फिरतायत ना म्हणून. मामा दारात उभा राहून हात पुसत हे सगळं बघायचा आणि मिशीतल्या मिशीत हसायचा. यापेक्षा जास्त हसताना त्याला फारसं कुणी पाहिलं नव्हतं.

दुकान एका अरुंद रस्त्यावर होतं. एका बाजूला हार्डवेअरवाले काका, दुसऱ्या बाजूला कपडे शिवणाऱ्या मावशी, त्यांच्यापलीकडे औषधवाला. दुकानामागे दोन खोल्या, तेच घर. मामाने लग्न केलं नव्हतं. करायचं राहून गेलं, असं तो म्हणायचा, जणू एखाद्या सायकलचं काम राहून जावं. धाकटी बहीण वारली आणि तिच्या नवऱ्याने दुसरा संसार थाटला, तेव्हा मामा गेला आणि पाच वर्षांच्या भाचीला सायकलच्या दांडीवर बसवून घेऊन आला. वेणी कशी घालतात हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून मावशींकडे जाऊन शिकला.

ही भाची म्हणजे बेडकी. खरं नाव शाळेपुरतं होतं. रस्त्यावर ती बेडकीच, कारण लहानपणी मामाने दिलेल्या छोट्या सायकलवरून ती सरळ कधी गेलीच नाही. फुटपाथवर चढ, खाली उडी मार, परत चढ. हार्डवेअरवाल्या काकांनी नाव पाडलं, मामाने आधी तोंड वाकडं केलं आणि आठवड्याभरात तोच जास्त हाका मारायला लागला.

मोठी झाल्यावर बेडकीने साठवलेल्या पैशांतून एक जुनी ट्रायल्स सायकल, म्हणजे दगडांवर उड्या मारायच्या खेळाची, विकत आणली. ती दुकानाच्या दारात उभी केली तेव्हा मामाने तिच्याभोवती एक चक्कर मारली, मग दुसरी मारली.

"सीट कुठाय?"

"नसतेच."

"चोरीला गेली असेल. ज्याने विकली त्याची मान धर."

"मामा, नसतेच म्हणते ना. ही बसायची सायकल नाहीये."

"बसायची नाही तर काय, कडेवर घेऊन फिरायची?"

मावशी मशीन थांबवून बाहेर आल्या, काकाही आले. मामाला प्रेक्षक मिळाले आणि तो रंगात आला. गिअर किती? एकच. पुढचे शॉक कुठायत? शॉक नाहीत, शॉक माझ्या गुडघ्यांत, बेडकी म्हणाली. चेन एवढीशी का? पुढची चक्री बशीएवढी का, आणि तिच्याखाली ही धातूची पट्टी कशाला? दगडावर आपटली तर चेन तुटू नये म्हणून. सांगाडा असा पोटात गेलेला का? उडी मारताना मध्ये येऊ नये म्हणून. मामाने मागच्या टायरवर अंगठा दाबला, तो आत रुतला. "हवा तरी भरून द्यायची," तो म्हणाला आणि पंप आणायला निघाला. बेडकी हँडल धरून आडवी उभी राहिली. हवा कमीच लागते, टायरने दगडाला धरायचं असतं, हे तिने त्याला तीनदा सांगितलं. त्याने तीनदा मान हलवली आणि एकदाही ऐकलं नाही.

मामाला माउंटन बाइक कळत असे. तीही आजकालचं फॅडच, पण निदान सायकल तरी. तिला सीट होती, गिअर होते, तिच्यावर बसून माणूस सकाळी निघून संध्याकाळी कुठेतरी पोचत होता. बेडकीसाठी त्याने जुन्या भागांतून एक सुंदर माउंटन बाइक जोडूनही ठेवली होती. "डोंगरच चढायचाय ना तुला? ही घे," तो म्हणाला.

"ती मला कुठेतरी नेते, मामा. ही कुठेच नेत नाही. जिथे आहे तिथेच, फक्त वर. आणि पाय खाली टेकला की गुण गेला."

"म्हणजे बसायचंही नाही, जायचंही नाही आणि टेकायचंही नाही. कुणी काढलाय हा खेळ? त्याला माझ्याकडे पाठव."

पण मामाला खरा राग होता तो त्या सायकलच्या ब्रेकचा. बेडकी मागच्या चाकावर उभी राहून ब्रेक दाबायची आणि सगळा रस्ता दचकायचा. तो भोंगा ऐकून औषधवाल्याच्या हातातून एकदा बाटली पडली. मामाच्या दारातली सायकल रडते म्हणजे काय! लोकांनी काय म्हणावं? "मला अर्धा तास दे, गप्प करतो तिला," तो परत परत म्हणायचा. बेडकी हसायची. "रडते म्हणूनच धरते रे मामा."

त्या रडण्यामागचं कारण तिने त्याला कधी सांगितलं नाही, आणि पुढचं सगळं तिथूनच आलं. साध्या सायकलचा ब्रेक हळूहळू धरायला हवा. उतारावर वेग आवरायचा असतो, चाक एकदम अडकलं तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून तिथे रिम गुळगुळीत हवी. ट्रायल्सच्या सायकलला वेग आवरायचाच नसतो, तिथे वेग नसतोच. तिथे एका बोटाने दाबताक्षणी चाक मेलं पाहिजे, केसभरही सरकता कामा नये, कारण माणूस त्या एका मेलेल्या चाकावर, कमरेइतक्या उंच दगडाच्या कडेवर उभा असतो. म्हणून ही मंडळी नव्याकोऱ्या रिमला ग्राइंडर लावतात, तिच्यावर बारीक ओरखडे पाडतात, ती पार खरखरीत करून टाकतात. ब्रेकचं रबर त्या ओरखड्यांत रुततं आणि किंचाळतं. ओरखडे झिजले की पुन्हा ग्राइंडर.

चांगल्या रिमवर ग्राइंडर चालवताना मामाने पाहिलं असतं तर त्याच्या जिवाला लागलं असतं. म्हणून ते काम बेडकी तिला हा खेळ शिकवणाऱ्या कोच सरांच्या शेडमध्ये जाऊन करायची, आणि घरी आल्यावर काही बोलायची नाही.

वर्षं गेली. बेडकी जिंकायला लागली. मामा एकाही स्पर्धेला गेला नाही. दुकान कोण बघणार, हे एक कारण. दुसरं कारण त्याने एकदा मावशींना सांगितलं होतं: बहिणीची एकच खूण आहे माझ्याकडे, ती दगडावरून पडताना मला बघवणार नाही. मावशींनी ते अर्थातच बेडकीला सांगितलं. तेव्हापासून तिने त्याला बोलावणंच सोडलं, पण प्रत्येक वेळी वर चढल्यावर तिची नजर गर्दीत त्याला शोधायचीच.

मग निवडीची स्पर्धा आली. बंद पडलेल्या एका कारखान्यामागच्या मैदानात सिमेंटचे मोठाले पाइप, लाकडी ओंडके आणि दगडी ठोकळे रचले होते. पहिल्या दोघींना देशाच्या संघात घेणार होते. बेडकीने त्याबद्दल जेवताना एक वाक्य सांगितलं, तेही भाजीकडे बघत. सकाळी ती निघाली तर मामा दुकानाचं शटर ओढत होता. धुतलेला शर्ट, केसांना पाणी, हातात हत्यारांची पेटी.

"हत्यारं कशाला?"

"असू दे. मोकळ्या हातांनी मला कुठे उभं राहता येत नाही."

सकाळची फेरी त्याने तोंडावर हात ठेवून बघितली. बेडकी पाइपवरून पाइपवर गेली, मागच्या चाकावर दोन उड्या मारून वळली, ओंडक्याच्या टोकावर क्षणभर स्वस्थ उभी राहिली. पाय एकदाही टेकला नाही. ती खाली आली तेव्हा मामाचे डोळे भरले होते. "अगं, तू तर उडतेस की," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्या सायकलबद्दल त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द. बेडकीला इतकं बरं वाटलं की ती नुसती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली.

जेवणाच्या सुट्टीत स्पर्धकांना शेवटच्या फेरीची वाट चालत जाऊन बघायची असते. सायकल नेता येत नाही. कुठे उतरायचं, कुठे थांबायचं, चाक कुठल्या कडेवर ठेवायचं, हे पायांनी आणि डोळ्यांनी मोजून घ्यायचं. बेडकी कोच सरांबरोबर गेली. सायकल मामाजवळ ठेवली.

तिच्यामागे त्याने काय काय केलं, ते त्याने नंतर तिला हौसेने सांगितलं. सायकलचे हाल त्याला बघवेनात. मागच्या रिमला हात लावला तर करवतीसारखी. पोरीने दगडावर घासून घासून काय दशा करून घेतली होती! आणि तो स्वतः एवढा कारागीर घरात बसलेला, इतक्या वर्षांत नुसती चेष्टा केली, एकदा हात म्हणून लावला नाही. जेवण बाजूला ठेवून तो कामाला लागला. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. एकेक ओरखडा उतरवला. साबणाच्या पाण्याने पुसून घेतलं. तेलाचा थेंब रिमला लागू दिला नाही, तेवढं त्याला कळत होतं. दोन्ही टायरमध्ये हवा भरली. शेवटी चाक फिरवलं, ब्रेक दाबला, आणि ती सायकल आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली.

बेडकी परत आली तेव्हा तो हात पुसत उभा होता. मिशीतल्या मिशीत हसत नव्हता, चांगला तोंड भरून हसत होता. "बघ," तो म्हणाला.

तिने बघितलं. रिममध्ये तिचा चेहरा दिसत होता.

ती काही अडाणी नव्हती. काय झालंय ते तिला तिथल्या तिथे कळलं. कोच सरांच्या गाडीत ग्राइंडर होता. नंबर मागे ढकलून घ्यायला कुणी नाही म्हटलं नसतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य मामासमोर बोलायचं, आणि मग त्याने उपाशीपोटी घासून काढलेल्या त्या रिमवर त्याच्या डोळ्यांदेखत ठिणग्या पाडायच्या? तो एवढासा होऊन उभा राहिला असता. पेटी उचलून घरी गेला असता आणि पुन्हा कधी आला नसता.

"मस्त झालीये मामा," ती म्हणाली.

मग त्याच्याकडे पाठ करून खोकत खोकत तिने टायरमधली हवा काढली, खोकल्यात तो आवाज मिसळावा म्हणून. ब्रेक दाबून पाहिला. धरला, पण नेहमीसारखा नाही. दोन बोटांनी दाबू, ती मनाशी म्हणाली. निभावून नेऊ. आणि तिचा पुकारा झाला.

पहिले दोन पाइप निभावले. तिसरा पाइप मामाच्या उंचीचा. त्यावर मागचं चाक टेकवायचं आणि तिथल्या तिथे मारायचं. बेडकीने उडी घेतली, चाक बरोबर कडेवर पडलं, तिने दोन बोटांनी सगळा जीव लावून ब्रेक दाबला. आवाज आला नाही. त्या शांततेतच तिला समजलं. चाक वीतभर मागे सरकलं, खाली कड उरली नाही, मागे तर काही नव्हतंच. तिचा डावा पाय दोन पाइपांच्या फटीत गेला, आणि वरून ती आणि सायकल.

कोच सर धावत आले. तिला उचलायला माणसं जमली तेव्हा त्यांनी सायकल बाजूला घेतली, रिमवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा बदलला. स्ट्रेचरवरून बेडकीने त्यांची बाही धरली. वेदनेने तिला नीट बोलता येत नव्हतं.

"मामाला नाही सांगायचं. सर, माझी शपथ."

घोट्याचा चुरा झाला होता. पट्टी घातली, स्क्रू घातले. डॉक्टर भला माणूस होता, त्याने गोल गोल बोलण्यात वेळ घालवला नाही. चालशील, थोडी लंगडशील, पण उडी विसर. बेडकीने मान हलवली. मामा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नंतर कॉटशेजारी बसून त्याने तिचा हात हातात घेतला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "ब्रेक जरा उशिरा दाबलास का गं?"

"हो मामा. माझंच चुकलं."

त्या उत्तरात थोडं खरंही होतं, म्हणून तिला ते सहज बोलता आलं.

ती घरी आली आणि दुकानात काउंटरवर बसायला लागली. मामाची वर्षानुवर्षांची इच्छा अशी पूर्ण झाली. त्याने तिच्यासाठी खुर्चीला गादी शिवून घेतली, पायाखाली ठेवायला टायरांची चळत केली. तिची सायकल कोच सरांनी शेडमध्येच ठेवून घेतली. आणि येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, काय झालं हो पोरीला? मामा पंक्चर काढता काढता सांगायचा. सगळी सकाळ कशी पाखरासारखी उडत होती. मग शेवटी जरा चुकली, ब्रेक उशिरा दाबला. "सायकलीत काही खोट नव्हती," तो शेवटी जोडायचा. "मी स्वतः तिथे बसून केली होती ना."

तो हे तिला दोष द्यायला सांगत नव्हता. उलट त्यात त्याचा स्वतःला धीर देण्याचा भाग होता, हे बेडकीला कळत होतं. आधी तिने ते हसून घेतलं. मग कान बंद करायला शिकली. पण हार्डवेअरवाले काका एकदा म्हणाले, "होतं असं, बाई. भीती वाटली की हात उशिराच पोचतो," आणि ती आत जाऊन नळ सोडून रडली. तिला भीती वाटली नव्हती. तिचा हात उशिरा पोचला नव्हता. आयुष्यात जी एक गोष्ट तिला बिनचूक येत होती, तीच तिला आली नाही असं सगळा रस्ता हळहळून बोलत होता, आणि तिला तोंड मिटून बसायचं होतं.

कोच सर भेटायला आले की विचारायचे, "किती दिवस झाकणार आहेस?"

"त्याच्याकडे त्याच्या हातांशिवाय काय आहे, सर? त्याला कळलं तर तो सायकलला हात लावायचा नाही."

असं ते चाललं होतं. मग एके दिवशी सकाळी लंबू आला. लंबू त्यांच्याच क्लबमधला, ताडमाड उंच, स्वभावाने साधा, ट्रायल्स खेळायला अगदी चुकीच्या मापाचा आणि तरीही चांगला खेळणारा. रिमचं प्रकरण त्याला ठाऊक नव्हतं. ते कोच सर आणि बेडकी सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. दवाखान्यात मामाने त्याला सांगून ठेवलं होतं, तुझ्या सायकलला काही झालं तर माझ्याकडे आण, तुमच्या सायकलींची मी फार चेष्टा केली. मागच्या चाकाचे स्पोक तुटले होते, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरात स्पर्धा होती. "दुपारी घेऊन जातो मामा, तशीच बस पकडतो," तो म्हणाला आणि कामावर गेला.

मामाने चाक काढलं, नवे स्पोक घातले. स्टँडवर लावून चाकाचा आउट काढला, ते न डुलता सरळ फिरेल असं केलं. डोकं एका बाजूला कलतं करून एकेक स्पोक पिळताना तो काहीतरी गुणगुणत होता. बेडकी पंक्चरचे तुकडे कापत होती आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती. चाक सायकलला परत लागलं तसा तिचा जीव भांड्यात पडला.

मामाने चाक फिरवून ब्रेक दाबला. भोंगा वाजला. शेजारी मावशींची मशीन दचकून थांबली आणि परत सुरू झाली.

"अरेरे," मामा म्हणाला. त्याने रिमवरून बोट फिरवलं. "ह्याचीही तीच गत. काय पोरं आहेत! थांब, हीपण गुळगुळीत करून टाकतो."

"मामा, राहू दे. त्याने स्पोकच सांगितलेत."

"सांगितलं तेवढंच करायचं असतं तर मी हा धंदा कशाला केला असता?"

"दुपारी यायचाय तो. उशीर होईल."

"जेवत नाही, मग तर झालं?" आणि त्याने खणातून पॉलिश पेपर काढला.

"मावशींनी बोलावलंय तुला. मशीन बघायला."

"मशीन तर चालतेय की," मामा म्हणाला, आणि खस्स खस्स सुरू झालं.

बेडकीचं डोकं भरभर चालत होतं. लंबूला बाजूला घेऊन सांगावं. कोच सरांना फोन करावा. पण लंबू येणार तो धावतपळत, सायकल घेऊन तशीच बस पकडणार. आणि कसंही करून निभावून नेऊ, असं तिला त्या दिवशीही वाटलंच होतं. कागद रिमवर चालला होता. एक बोटभर जागा चमकायला लागली होती.

"मामा, थांब."

"हं," मामा म्हणाला आणि थांबला नाही.

"मामा, ती रिम खरखरीतच लागते."

"कोण म्हणतं?"

"मुद्दाम करतात. ग्राइंडरने. मीपण करायचे, कोच सरांच्या शेडमध्ये. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

मामा हसला. "काहीतरीच. चांगल्या रिमला कोण ग्राइंडर लावेल?" पण हात मंदावला. "कशाला लावतात?"

"गुळगुळीत रिमवर तो ब्रेक धरत नाही."

"धरत नाही म्हणजे?"

"सरकतो, मामा."

कागद थांबला. मामा मान वर न करता तसाच बसला. मावशींची मशीन चालू होती. रस्त्यावरून कुणीतरी घंटी वाजवत गेलं.

"तुझ्या सायकलला मी..." तो म्हणाला.

"हो."

"जेवणाच्या सुट्टीत."

"हो मामा."

मान वर करून त्याने विचारलं, "पडल्यावर कळलं तुला?"

इथे खोटं बोलता आलं असतं. हो म्हटलं असतं तर त्याला थोडं तरी सोपं गेलं असतं. पण बेडकीला आता खोट्याचा कंटाळा आला होता, आणि तो तिच्याकडे बघत होता.

"आधीच कळलं होतं."

"चढायच्या आधी?"

"हो."

"मग बोलली का नाहीस गं?" त्याचा आवाज फुटला. "एक शब्द बोलायचास. शिव्या द्यायच्यास मला."

"तू पहिल्यांदाच आला होतास मामा."

मामाने कागद खाली ठेवला. दोन्ही हात मांडीवर पालथे टाकून तो बसून राहिला, ते हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसा. बेडकीला वाटलं, आता हा ढासळेल, आणि आपल्याला याच्यापर्यंत लवकर पोचताही येणार नाही. पण तो रडला नाही. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी एकेक करून आठवत गेलं, ते तिला समोरून दिसत होतं.

"आणि मी काय सांगत बसलो?" तो म्हणाला. "येईल त्याला. तुझ्यासमोर. तू तिथे बसलेली असताना."

"जाऊ दे ना."

"तू ऐकत होतीस."

"मामा, जाऊ दे."

तो उठला. "त्या लंबूला सांग, सरांकडे जाऊन पुन्हा खरखरीत करून घे म्हणावं. बस चुकली तरी चालेल. माझ्या हातची तशीच नेऊ नको म्हणावं." मग हातही न पुसता तो पायरी उतरून रस्त्यावर गेला.

बेडकीने टायरांवरून पाय खाली घेतला, काउंटर धरून उभी राहिली. काठी आतल्या खोलीत राहिली होती. भिंतीला धरत ती दारापर्यंत आली तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातून मामाचा आवाज येत होता. गिऱ्हाईक असताना कधी मध्ये न बोलणारा माणूस मोठमोठ्याने बोलत होता.

"पोरीचं चुकलं नव्हतं हो. तिने ब्रेक वेळेवर दाबला होता. माझं चुकलं. मी रिम घासली होती, म्हणून पडली ती."

काका काहीतरी समजुतीचं बोलले. ते ऐकायला मामा थांबला नाही. तो बाहेर आला, बेडकीकडे न बघता तिच्यासमोरून गेला आणि मावशींच्या दारात उभा राहिला. मशीन थांबली. तेच शब्द, त्याच क्रमाने. "पोरीचं चुकलं नव्हतं हो."

"मामा, घरी ये," बेडकी म्हणाली. तिने एक पाऊल पुढे टाकलं, पण पायरी उतरायला आधाराला काही नव्हतं. मावशी डोळ्यांना पदर लावून दारात आल्या होत्या. मामा त्यांच्या पुढे गेला होता. त्याचा सदरा मागून घामाने ओला दिसत होता. "मामा, पुरे आता, ये ना," ती परत म्हणाली, आणि तो औषधवाल्याच्या दुकानाची पायरी चढला.